निरीक्षण विहीर क्रमांक सतरा

वर्षातून चार वेळा निघतो
नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसातून,
डब्यात पोळ्या, पिशवीत टेप, खिशात खडू.
जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर.
लोकांचे ऋतू सहा असतील, माझे चार.

काटोल मागे पडलं की संत्र्याच्या बागा दाटतात
आणि जमिनीखालचा हिशेब तुटतो.
नकाशात हा पट्टा आम्ही गडद रंगवतो:
मुरतं त्याहून जास्त उपसलं जातं.
एवढंच वाक्य. बाकी परिशिष्टं.

पंचफुला ढोके यांच्या धुऱ्यालगतची विहीर
आमच्या वहीत सतरा नंबरची.
कठड्यावर पांढऱ्या रंगाने आकडा,
त्यावर कावळ्यांनी सालोसाल
आपापला शेरा मारलेला.

टेपच्या टोकाला खडू फासायचा, सोडायचा.
टेप जातो, जात राहतो,
मग कानाच्या आधी बोटांना कळतं.
वर ओढून पाहायचं खडू कुठवर भिजला,
त्यातून कठड्याची उंची वजा.
एकवीस वर्षांची नोकरी
म्हणजे ही वजाबाकी.

यंदा मे महिन्यात वाटलं, चुकलो.
पुन्हा खडू लावला, पुन्हा सोडला.
गेल्या मेपेक्षा
तीन मीटर वर.

बाई बांधावर बसून चिंचा फोडत होत्या.
"असन," म्हणाल्या, मान वर न करता.
"पाच वर्सं झाले ना.
नाल्यातला गाळ आमीच काहाडला, खताले नेला.
दोनशे फुटाखाली कोनी जायचं नाही, असा ठराव केला.
माह्याच पोरानं रातच्यानं मशीन बोलावली
तं त्या जागेवर खाट टाकून झोपली मी.
अकरा राती.
बाराव्या दिवशी मशीन गेली, सून बोलेनाशी झाली."

मी म्हटलं, अभिनंदन.
विहिरीच्या तोंडाशी हा शब्द
फार शहरी वाटला.

"लिहू नका, सायेब."
"काय?"
"वर आलं म्हून.
तुमी लिहसान, गाव यादीतून निघन.
यादीतून निघालं का बोरची बंदी उठन.
बंदी उठली का मशीनवाले
पोयाच्या बैलावानी रांगेत येतीन.
बहारासाठी झाडाले तान देतो का नाही आमी?
हाती पानी असून तोडतो.
तसा कागदाले
थोडा तान द्या."

पेन्सिल माझ्या हातात होती.
रकान्यात दशांशाचा ठिपका आधीच छापलेला असतो,
माणसाने फक्त त्याच्या
अलीकडचं, पलीकडचं भरायचं.

खरं तेच लिहिलं. अकरा पॉइंट चाळीस.
धाडस म्हणून नाही. हाताला दुसरं येत नाही.
बाईंना अक्षर लागत नसे, आकडे लागत.
त्यांनी वहीत पाहिलं,
मग पेपरच्या तुकड्यात मूठभर चिंच बांधून दिली.
"पोरीले द्या," म्हणाल्या,
आणि मला एकही मुलगी नाही
हे सांगायचं राहून गेलं.

परतताना फाट्यावर एक ट्रक उभा,
पाठीवर आडवा लोखंडी मनोरा,
पाटी परराज्याची.
ड्रायव्हरने हातातली चिठ्ठी अडखळत वाचली:
उमरडोह कुठून?

इतक्या लवकर?
माझी वही तर अजून पिशवीतच होती.

मी डावीकडे बोट दाखवलं.
उमरडोह उजवीकडे आहे.
त्याने हात जोडले, गिअर टाकला,
धूळ बराच वेळ डाव्या रस्त्यावर तरंगत राहिली.

कळमेश्वरच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबली
तेव्हा आठवलं,
डावीकडेही एक गाव आहे.
तिथल्या विहिरीला
नंबर नाही.